खोक्यावरचं लहान अक्षर

आमच्या गल्लीत गाडीला लागणारं सगळं मिळतं. टायर, काचा, बॅटऱ्या, आरसे. मी सीट कव्हर शिवतो. माझ्या शेजारचं दुकान गाडीत गाणी वाजवायच्या सामानाचं, आणि दोन्ही दुकानांमध्ये भिंत म्हणाल तर प्लायवूडचं एक पार्टिशन. त्यामुळे गेली एकोणीस वर्षं त्या दुकानात जे काही झालं ते मी पाहिलं नसलं तरी ऐकलं आहे. त्याने माझ्या शिलाई मशिनचा खडखडाट ऐकला, मी त्याचं धडाम धडाम ऐकलं. यात नुकसान कुणाचं जास्त झालं ते मला विचारू नका, माझं डोकं अजून दुखतंय.

शेजाऱ्याला सगळी गल्ली वॅटमास्तर म्हणायची. पुढे पुढे नुसतं मास्तर. शाळेत त्याने कधी शिकवलं नाही, पण गिऱ्हाईक दुकानात शिरलं की त्याचा तास सुरू व्हायचा. सामान विकण्यापेक्षा शिकवण्यात त्याला जास्त गोडी. दुकानाच्या दर्शनी भिंतीवर त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेला एक पुठ्ठा लावला होता: ‘खोक्यावरचं मोठं अक्षर वाचू नका. लहान अक्षर वाचा.’ असली पाटी लावून कुणी धंदा करतं का? पण हा करायचा.

एकदा एक बँकेतला कारकून आला. नवी गाडी, नवा उत्साह. त्याने फळीवरचं सगळ्यात मोठं खोकं उचललं. त्यावर सोनेरी अक्षरात बाराशे वॅट लिहिलेलं.

“हे द्या,” म्हणाला.

“हा आकडा कुणी लिहिला?” मास्तरने विचारलं.

“कुणी म्हणजे? कंपनीने.”

“कशासाठी?”

कारकुनाने सोनेरी अक्षरांकडे परत बघितलं. बँकेत लोक त्याला प्रश्न विचारत असतील, पण असे नाही.

“तुम्ही खोकं उचलावं म्हणून,” मास्तर म्हणाला. “हा स्पीकर फाटायच्या आधी एखादा क्षण जास्तीत जास्त किती सोसेल, त्याचा हा आकडा. तुम्ही कधीकाळी पन्नास किलोचं पोतं एकदा खांद्यावर घेतलं असेल. म्हणून काय दिवसभर घेऊन फिराल? रोज किती उचलता ते महत्त्वाचं. ते इथे, खाली, बारीक अक्षरात. आरएमएस. वाचा.”

“साठ,” कारकून पडेल आवाजात म्हणाला.

“बाराशेचे झाले साठ. आता हा दुसरा घ्या. वर काही सोनेरी नाही, पण आरएमएस पंचाहत्तर. आणि त्याच्या खाली बघा, डेसिबल. एक वॅट दिला आणि एक मीटरवर मशीन ठेवून मोजलं, तर आवाज किती येतो तो हा आकडा. तुमच्या सोनेरीचा शहाऐंशी, याचा ब्याण्णव. डेसिबल जितका मोठा तितका स्पीकर तेज. कमी खातो आणि जास्त काम करतो. मुलीसाठी जावई असा बघावा.”

मग ओहम. गाडीतल्या डेकला चार ओहमचा स्पीकर चालत असेल तर दोन ओहमचा लावायचा नाही, डेक तापतो. मग हर्ट्झ, म्हणजे खालचा जाड आवाज कुठपासून आणि वरचा बारीक आवाज कुठपर्यंत. शेवटी खोली, म्हणजे स्पीकर आत किती जातो ते. ती गाडीच्या दारात मावली नाही तर काच खाली केल्यावर स्पीकरच्या मॅग्नेटवर आदळते. हे सगळं मी प्लायवूडच्या अलीकडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. मी कितीदा पार्टिशनवर हात आपटून ओरडलो असेन, “मास्तर, सोड त्याला, घरी बायकामुलं वाट बघत असतील!” पण गिऱ्हाईक सुटायचं नाही, आणि खरं सांगायचं तर जाताना खूशही असायचं.

यातून गल्लीला एक सवय लागली. कागदावर आकडे असले की तो कागद मास्तरकडे न्यायचा. इन्व्हर्टरची गॅरंटी, विजेचं बिल, पाण्याच्या मशिनची माहिती. टायरवाल्याने तर एकदा साखरेचा रिपोर्ट आणला. मास्तरने तोही वाचून दाखवला आणि बरोबर वाचला, कारण प्रत्येक आकड्याच्या शेजारीच किती असायला हवं ते छापलेलं होतं. टायरवाला म्हणाला, “डॉक्टरने दोन मिनिटं नाही दिली, याने अर्धा तास दिला.” मास्तर आठवडाभर हवेत होता.

त्याच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणतो. ठेंगणी, हसरी, आणि जिभेला धार. ती एका पार्सल ऑफिसात फोनवर बसायची. कुणाचं पार्सल कुठे अडकलंय, कुणाचं फुटलंय, दिवसभर लोकांच्या शिव्या उजव्या कानाने ऐकायच्या आणि डाव्या हाताने लिहून घ्यायच्या. ती डावरी. दुपारी डबा घेऊन दुकानात यायची, दोघं काउंटरवर जेवायची. संध्याकाळी मास्तर तिला ऑफिसातून गाडीत घ्यायचा आणि दोघं घरी जायची. पाऊण तासाचा रस्ता.

आता गंमत ऐका. गल्लीभर गाड्यांना आवाज देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या गाडीत एक स्पीकर नव्हता. डेकच्या जागी नुसतं भोक, त्यात पावत्या कोंबलेल्या. मी एकदा चिडवलं तर म्हणाला, “दादा, घरी आई आहे, तिचा टीव्ही आहे, पोरीचा अभ्यास आहे. आम्ही दोघं बोलतो ते गाडीत. तिथेही गाणी लावली तर बोलायचं कधी?”

मला त्याचा त्या दिवशी हेवा वाटला. माझी बायको आणि मी घरात दोघंच असतो आणि दिवसाला दहा वाक्यं बोलतो.

तर एका मंगळवारी वहिनीने ऑफिसातून फोन केला, की इथला फोन बिघडलाय, आवाजच येत नाही, संध्याकाळी येऊन बघता का. मास्तर हत्यारं घेऊन गेला, फोन उघडला, साफ केला, जोडला. फोन ठणठणीत. तिने परत उजव्या कानाला लावला. काही नाही. शेजारच्या मुलीने तिच्या हातातून घेऊन स्वतःच्या कानाला लावला आणि म्हणाली, “येतोय की.” वहिनीने मग डाव्या कानाला लावून बघितला. आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच दवाखान्यात गेली. तिथे कान तपासायची काचेची खोली असते. आत बसवतात, हेडफोन लावतात, बारीक जाड सूर वाजवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. तपासणाऱ्या बाईने चिठ्ठीवर आकडे लिहून दिले आणि सांगितलं, डॉक्टर शुक्रवारी आहेत, त्यांना दाखवा, उशीर करू नका.

दुपारी ती चिठ्ठी घेऊन दुकानात आली. मी तिथेच होतो, चहा प्यायला गेलो होतो. तिचा चेहरा उतरला होता आणि मान एका बाजूला कलली होती.

“अहो, शुक्रवारी माझ्याबरोबर याल का? डॉक्टरांना दाखवायचंय,” ती म्हणाली.

“बघू, बघू, काय आलंय ते बघू आधी,” म्हणत मास्तरने हात पुढे केला.

त्याने चिठ्ठी काउंटरवर पसरली. वरती हर्ट्झचे आकडे, पाचशे, हजार, दोन हजार, चार हजार, आठ हजार. खाली दोन ओळी, डावा कान आणि उजवा कान, डेसिबलमध्ये. डाव्याचे पंधरा, पंधरा, वीस, वीस, पंचवीस. उजव्याचे तीस, चाळीस, पंचावन्न, सत्तर, ऐंशी. मास्तरचा चेहरा उजळला. साखरेच्या रिपोर्टसारखा हा परका कागद नव्हता. हे तर त्याचं घरचं खातं. हर्ट्झ आणि डेसिबल.

“अगं, उजवा कान तर एकदम तेज आहे,” तो म्हणाला. “हे बघ, आठ हजारला ऐंशी! वरचा आवाज तर फारच छान. मंद झालाय तो डावा. पंधरा-वीसच्या वर सरकत नाही.”

“पण बंद तर उजवा वाटतोय,” वहिनी म्हणाली. “आत सारखं सूंऽऽ वाजतंय.”

“वाजणारच. डावा काम करत नाही, म्हणून सगळा भार उजव्यावर येतोय. स्पीकरला जास्त पॉवर गेली की तो काय करतो? घरघरतो. तसंच. त्याला जरा आराम हवा. थोडे दिवस उजव्या कानात कापूस घाल. फोन डाव्याने घे, म्हणजे त्यालाही सवय होईल.”

इतकं स्वच्छ बोलत होता, की मीही मान डोलावली. एकोणीस वर्षं मी ऐकत होतो, डेसिबल जितका मोठा तितका तेज. मलाही पटलं.

“मग शुक्रवारी जायला नको?” वहिनीने विचारलं.

“कशाला उगाच दिवसभर रांगेत बसायचं?”

तिने माझ्याकडे बघितलं. तेव्हा मी शहाणपणा केला. म्हणालो, “वहिनी, मास्तर वाचतोय म्हणजे बरोबरच असणार.” हे वाक्य मी बोललो. दुसऱ्या कुणावर ते ढकलता येत नाही, आणि ढकलायचंही नाही.

चिठ्ठी मास्तरने ड्रॉवरमध्ये ठेवली, स्पीकरच्या खोक्यांतून निघणाऱ्या कागदांबरोबर.

पुढचे पाच आठवडे वहिनी कानात कापूस घालून फिरली. दुपारी यायची तेव्हा आम्ही बोललो की अख्खी वळून डावी बाजू पुढे करायची. भांडायला आल्यासारखी दिसायची, आणि मी तसं म्हणून चिडवायचोही. ती हसायची, पण जरा उशिरा हसायची, दुसरे हसले की. मास्तर म्हणायचा, बघा, डाव्याला सवय होतेय. मला एक गोष्ट मात्र खटकली होती. एकदा मी त्यांच्या गाडीतून मागे बसून घरापर्यंत गेलो. पाऊण तासात दोघांचं काही बोलणं झालं नाही. मास्तरने दोन-तीनदा काहीतरी विचारलं, ती उघड्या खिडकीतून बाहेर बघत राहिली. मला वाटलं, भांडण झालं असेल. नवरा-बायकोत नाक खुपसू नये म्हणून मीही गप्प बसलो.

एका दुपारी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी ती डाव्या कानाला फोन लावून रस्ता ओलांडत होती आणि उजवीकडून ट्रक आला. ट्रकवाला हॉर्नवर हात दाबून बसला होता. सगळ्या गल्लीने तो हॉर्न ऐकला, मी मशीन थांबवलं. वहिनी आपली चालतच होती. काचवाल्याने धावत जाऊन तिला दंडाला धरून ओढलं. लागलं काही नाही, डबा तेवढा सांडला. ती रस्त्याच्या कडेला उभी राहून सारखी म्हणत होती, “वाजवायचा तरी ना त्याने, वाजवायचा तरी!” आणि काचवाला आमच्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी मास्तर तिला घेऊन डॉक्टरकडे गेला. जुनी चिठ्ठी बरोबर नेली.

त्याच्या पुढच्या सकाळी मी कापड बेतत होतो. मास्तर आला आणि त्याने ती चिठ्ठी माझ्या टेबलावर, खडूने आखलेल्या कापडावर ठेवली.

“दादा, हे वाचा,” म्हणाला.

“मला काय कळतंय त्यातलं?”

“अगदी खाली. बारीक.”

मी चष्मा पुसला. चिठ्ठीच्या तळाला, शाई फिकी झालेल्या छापील अक्षरात एक ओळ होती: ऐकू येण्यासाठी आवाज किती वाढवावा लागला तो आकडा. आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं कमी.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग हळूहळू डोक्यात उतरलं. ऐंशी म्हणजे तेज नव्हे. ऐंशीपर्यंत आवाज चढवला तेव्हा कुठे त्या कानाला कळलं, की काहीतरी वाजतंय.

“तू ही ओळ वाचली नव्हतीस?”

“नाही. आकडे ओळखीचे वाटले.” तो स्टुलावर बसला. “डॉक्टरांनी तिला परत त्या काचेच्या खोलीत बसवलं. ती आत, हेडफोन लावून. मी आणि डॉक्टर बाहेर. त्यांनी जुनी चिठ्ठी बघितली, तारीख बघितली आणि विचारलं, हे हातात असून पाच आठवडे काय करत होतात? कानाची नस अशी अचानक जाते तेव्हा पहिल्या दोन आठवड्यांत गोळ्या द्यायच्या असतात. कधी कधी परत येतं. आता काही उपयोग नाही.”

“कधी कधी म्हणाले ना? म्हणजे तेव्हा जाऊनही आलंच असतं असं नाही.”

“तेही म्हणाले. सांगता येत नाही म्हणाले.” त्याने चिठ्ठीची घडी घातली. “तेच तर. आता कधीच सांगता येणार नाही.”

मी म्हटलं, “मीही होतो तिथे. मीही मान डोलावली.” त्याने ते ऐकलं की नाही कोण जाणे.

“वहिनीला सांगितलंस?”

“नाही. डॉक्टरांनी तिला एवढंच सांगितलं, की नस गेली, कारण कळत नाही, कुणाचीही जाते. काल गाडीत बसताना मला म्हणते, नशिबात होतं, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मलाच समजावते, दादा.”

त्या दिवसापासून मास्तरचा तास बंद झाला. आधी मला कळलंच नाही की काय कमी झालंय. मग लक्षात आलं, पार्टिशनच्या पलीकडून नुसती गाणी येतात, माणूस बोलत नाही. गिऱ्हाईक विचारायचं, यातला कुठला चांगला? मास्तर म्हणायचा, “कुठलाही घ्या.” माझ्या डोळ्यांदेखत त्याने एका म्हाताऱ्या गृहस्थाला ते बाराशे वॅटचं सोनेरी खोकं बांधून दिलं. आरएमएस नाही, ओहम नाही, जावई नाही. दारात खोली पुरते का तेही बघितलं नाही. चार दिवसांनी ते गृहस्थ परत आले, काच खाली केली की खट्ट वाजतं म्हणून. मास्तरने निमूटपणे दार उघडून स्पीकर बदलून दिला. भिंतीवरचा पुठ्ठाही उतरवला होता. त्या जागी चौकोनी डाग तेवढा राहिला. एकोणीस वर्षं ज्या बडबडीला मी शिव्या घातल्या, तिच्यावाचून मला शिवायला सुचेना. टाका वाकडा जायला लागला.

आणि वहिनी तर त्याची काळजी करायची. एकदा माझ्याकडे येऊन म्हणाली, “दादा, यांना काय झालंय? जेवत नाहीत नीट. मला ऐकू येत नाही ते मी निभावतेय, यांनी कशाला एवढं मनाला लावून घ्यायचं?” पार्सल ऑफिसात तिला फोनवरून काढून मागे गोदामात बसवलं होतं, चिठ्ठ्या चिकटवायला. ते तिने हसत सांगितलं. म्हणाली, तिथे शिव्या ऐकाव्या लागत नाहीत. मी तिच्यासमोर उभा होतो आणि मला सगळं माहीत होतं. पण ते मी सांगायचं नव्हतं.

मी मास्तरला गाठलं आणि चांगलं फैलावर घेतलं. “एक तर तू सांग, नाहीतर मी सांगतो. ती नशिबाला दोष देतेय आणि तू गिळून बसलायस. लाज वाटत नाही?”

“सांगतो,” म्हणाला. “सांगायचंच आहे.”

पुढच्या सोमवारी तो आला. मी वर बघितलं.

“सांगून टाकलं,” म्हणाला.

“मग? काय म्हणाली?”

“काय म्हणालात, म्हणाली.”

“म्हणजे?”

“गाडीत सांगितलं. घरी जाताना. सगळं सांगितलं, एका दमात, हळू आवाजात. ती वळून म्हणाली, काय म्हणालात? मी म्हटलं, काही नाही.”

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. हा गाडी चालवतो. ती शेजारी बसते. म्हणजे याच्याकडे तिचा कुठला कान येतो? तो गेलेला. पाच आठवडे गाडीत ती दोघं भांडली नव्हती. हा बोलत होता आणि तिला पोचत नव्हतं.

माझ्या हातातली कात्री मी टेबलावर आपटली. “मेलेल्या कानात सांगितलंस तू! तुला माहीत होतं. मास्तर, तुला पक्कं माहीत होतं.”

तो रडला. माझ्या दुकानात, फोमच्या गठ्ठ्यावर बसून, मोठा माणूस. मी दाराचा पडदा ओढला. थोड्या वेळाने म्हणाला, “आम्ही गाडीतच बोलतो, दादा. दुसरीकडे मला बोलता येत नाही.”

“मग दुसऱ्या बाजूला बस,” मी म्हणालो. रागातच म्हणालो, काही फार विचार करून नाही.

चार दिवसांनी वहिनी माझ्या दारात उभी. मागे मास्तरची गाडी.

“दादा, मला ड्रायव्हरच्या सीटवर उशी करून द्या. समोरचं दिसतच नाही मला. लायसन काढून बारा वर्षं झाली, चालवली किती तर बोटावर मोजण्याइतकी. आता एकाएकी म्हणतात, रोज तूच चालव. काय डोक्यात आलंय कोण जाणे.”

मी तिला सीटवर बसवून माप घेतलं. दोन इंच फोम कमी पडत होता, तीन इंच केला. वरती न घसरणारं कापड, मागे पट्टा. माप घेताना मी खाली वाकून काहीतरी पुटपुटलो, तर ती म्हणाली, “दादा, बोलायचं तर मोठ्याने बोला, नाहीतर बोलू नका. मधलं मला काही पोचत नाही.” मी म्हटलं, काही नाही, टेप सरळ धरत होतो. मास्तर गाडीच्या पलीकडे उभा होता. तिच्या डाव्या बाजूच्या सीटचं दार उघडून आत बघत होता, त्या सीटवर कधी बसलाच नव्हता तसा.

संध्याकाळी दोघं निघाली. वहिनीने गाडी दोन झटके देत काढली, गल्लीतल्या सगळ्यांनी बाजूला होत टाळ्या वाजवल्या. टायरवाला ओरडला, “वहिनी, टायर झिजले की माझ्याकडेच या!” तिने ऐकलं नसावं, पण त्याच्या तोंडाकडे बघून हसली. मला मात्र टाळी वाजवता आली नाही. तिला काय सांगायला तो शेजारी बसलाय, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरने शटर उघडलं नाही. सरळ माझ्याकडे आला आणि उभ्या उभ्या सांगितलं. पेट्रोल पंपाच्या पुढे रस्ता रुंद आहे, तिथे त्याने तिला गाडी कडेला घ्यायला लावली. तिच्या चांगल्या कानाशी सगळं सांगितलं. चिठ्ठी, आकडे, खालची ओळ, कापूस, दोन आठवडे, डॉक्टर. तिने गाडी बंद केली आणि पुढे बघत सगळं ऐकून घेतलं.

“मग रडली?”

“नाही.”

“चिडली?”

“नाही. चावी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, आकडे काय आलेत हे मी तुम्हाला विचारलं होतं का? मी विचारलं होतं, शुक्रवारी माझ्याबरोबर याल का.” मास्तर थांबला. “एवढंच बोलली. मग गाडी सुरू करून घरी नेली. छान चालवते.”

मी टेबलावरची टेप गुंडाळून ठेवली.

“दादा, तुम्ही होतात ना तिथे?” त्याने विचारलं. “मला आठवतच नाहीये. तिने तसं विचारलं होतं?”

मला सगळं स्वच्छ आठवत होतं. तिची कललेली मान, त्याचा पुढे आलेला हात.

“हो,” मी म्हणालो. “तसंच विचारलं होतं.”

त्याने मान हलवली आणि जाऊन शटर उघडलं. दिवसभर पलीकडून काही आवाज आला नाही, गाणीसुद्धा नाहीत.

त्यानंतरच्या शुक्रवारी मास्तरच्या दुकानाला कुलूप होतं. वहिनीला कानाचं मशीन लावून बघायचं होतं, डॉक्टरांनी बोलावलं होतं, आणि तो बरोबर गेला होता. अकराच्या सुमाराला एक माणूस हातात स्पीकरचं खोकं घेऊन माझ्या दारात आला. शेजारचे कधी येतील म्हणाला. मग खोकं माझ्यापुढे धरून त्याने खालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

“तुम्ही शेजारीच असता, तुम्हाला माहीत असेल. हे डेसिबल नव्वद लिहिलंय, ते चांगलं की वाईट?”

एकोणीस वर्षं ऐकून मला ते तोंडपाठ होतं.

“मला कळत नाही,” मी म्हणालो. “ते उद्या येतील.”